वरच्या वर्गातल्या आठ खुर्च्या

विमान कंपनीच्या सभासद योजनेत वरचा दर्जा मिळाला की इकॉनॉमीच्या तिकिटावर बिझनेस क्लासमध्ये बसायला मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात या दर्जाने मिळतो तो रांगेतला पुढचा नंबर. त्या नंबराची किंमत दोन आकड्यांवर ठरते: वरच्या वर्गातल्या किती खुर्च्या रिकाम्या आहेत आणि त्यांच्यावर डोळा ठेवून असलेले किती जण त्याच विमानात आहेत. पहिला आकडा प्रवाशाला थोडाफार अजमावता येतो. दुसऱ्याचा पत्ता लागत नाही. आपले एकूण सभासद किती लाख, हे कंपन्या अभिमानाने सांगतात. त्यांतले गोल्ड किती आणि प्लॅटिनम किती, हे सहसा सांगत नाहीत. वर्षभर एकाच कंपनीच्या विमानांनी ये-जा करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा मात्र तोच असतो.

अशी माणसे पालघर जिल्ह्यातही आहेत. जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. बोईसरहून मुंबईचा विमानतळ सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. चिल्हार फाट्यावरून महामार्ग गाठायचा, नाहीतर गाडीने अंधेरीला उतरून मेट्रोने मरोळ नाका आणि तिथून दुसऱ्या मेट्रोने टी-टू टर्मिनल, असा हा रस्ता. तरीही तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या औषध, रसायन, पोलाद आणि कापड कारखान्यांचे विक्री अधिकारी, गुणवत्ता तपासणारे आणि यंत्रे बसवणारे अभियंते दिल्ली, हैदराबाद, अहमदाबाद, चेन्नईच्या फेऱ्या करतच असतात. तिकीट कंपनी काढते, दर्जा मात्र प्रवाशाच्या नावावर जमा होतो. सभासद योजनांचा सगळा डोलारा याच गोष्टीवर उभा आहे: पैसे एकाचे, निवड दुसऱ्याची आणि बक्षीसही निवड करणाऱ्याला.

या योजनांचा जन्म अमेरिकेतला. १९७८ मध्ये तिथल्या सरकारने विमानभाडी आणि मार्ग यांवरचे नियंत्रण उठवले आणि कंपन्यांमध्ये भाडेयुद्ध पेटले. प्रवासी आपल्याकडेच कसा टिकवायचा, या प्रश्नाला अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘अ‍ॅडव्हांटेज’ ही योजना सुरू करून उत्तर दिले. पहिले सभासद शोधण्यासाठी त्यांनी आपल्या ‘सेबर’ या आरक्षण यंत्रणेत पुन्हा पुन्हा येणारे दूरध्वनी क्रमांक हुडकले. आठवड्याभरात युनायटेडची योजनाही आली. सुरुवातीचा हिशेब सरळ होता: जितके मैल उडाल तितके मैल खात्यात आणि पुरेसे साठले की एक फुकट तिकीट. पण फुकट तिकिटाचे आकर्षण सगळ्यांना सारखेच. आठवड्याला दोनदा उडणाऱ्याला वर्षातून दोनदा उडणाऱ्यापेक्षा वेगळे काहीतरी हवे होते. त्यातून सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या निघाल्या. साठलेले मैल खर्च करता येतात. दर्जा खर्च होत नाही, पण त्याला मुदत असते आणि तो बहुधा दर वर्षी नव्याने कमवावा लागतो.

भारतात हे वारे १९९०च्या दशकात आले. खासगी कंपन्यांना मोकळीक मिळाली आणि मुंबईतून जेट एअरवेजने ५ मे १९९३ रोजी उड्डाणे सुरू केली. ‘जेट प्रिव्हिलेज’ ही त्यांची योजना. तिचे प्लॅटिनम कार्ड बऱ्याच वर्षांपर्यंत मुंबईच्या व्यापारी जगात प्रतिष्ठेची खूण होते. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ही त्याच दशकातली. पुढे किंगफिशर आली आणि २०१२ मध्ये बंद पडली. जानेवारी २०१५ मध्ये टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांची विस्तारा आली, तिच्याबरोबर ‘क्लब विस्तारा’ आला.

१७ एप्रिल २०१९ रोजी रात्री जेटचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईला निघाले. जेट प्रिव्हिलेज चालवणारी कंपनी वेगळी होती, त्यामुळे सभासदांचे मैल एका रात्रीत नाहीसे झाले नाहीत; ती योजना नंतर ‘इंटरमाइल्स’ या नावाने चालू राहिली. दर्जाचे मात्र काहीच उरले नाही, कारण ज्या विमानात पुढे बसायचे ते विमानच उडत नव्हते. मैल हे निदान दुसरीकडे वटवता येणारे देणे असते. दर्जा ही त्या त्या कंपनीने दिलेली सवलत आहे, ती कंपनीबरोबर जाते आणि कंपनीच्या मर्जीने बदलते. सभासदत्वाच्या नियमांमध्ये हे स्पष्ट लिहिलेले असते; ते वाचणारे फार थोडे.

आता खुर्च्यांकडे वळू. देशांतर्गत मार्गांवरच्या ज्या छोट्या विमानांना एअर इंडियाने नवी अंतर्गत रचना दिली, त्यांत एकूण १६४ आसने आहेत: बिझनेस ८, प्रीमियम इकॉनॉमी २४ आणि इकॉनॉमी १३२. विस्ताराच्या विमानांतही बिझनेसच्या खुर्च्या आठच असत. आधीच्या रचनेत एअर इंडियाच्या अशाच विमानात बिझनेसच्या १२ आणि इकॉनॉमीच्या १५० खुर्च्या होत्या. म्हणजे प्रीमियम इकॉनॉमी हा मधला वर्ग घालताना सगळ्यांत वरच्या वर्गातल्या चार खुर्च्या कमी झाल्या. वर सरकण्याच्या जागा मिळून वाढल्या हे खरे, पण ‘अपग्रेड झाले’ म्हणताना प्रवाशाच्या मनात जी रुंद खुर्ची असते, ती पूर्वीपेक्षा दुर्मीळ झाली.

मुंबई–दिल्ली मार्गावरच्या सोमवारी सकाळच्या विमानाचे उदाहरण घेऊ. समजा, आठपैकी पाच खुर्च्या पूर्ण पैसे मोजून विकल्या गेल्या. उरल्या तीन. एक प्रवासी साठलेले गुण खर्च करून एक खुर्ची घेतो. एक जण बोली लावतो: उड्डाणाच्या काही दिवस आधी प्रवाशांना ई-मेल जातो, वरच्या वर्गासाठी किती जादा द्याल ते कळवा, बंद पाकिटातल्या निविदेसारखाच हा प्रकार आणि भारतातही तो आता रुळला आहे. तिसरी खुर्ची विमानतळाच्या काउंटरवर रोख फरक भरायला तयार असलेल्याला मिळते. मागे गोल्ड आणि प्लॅटिनम कार्डे खिशात घालून बसलेले दहा-बारा जण इकॉनॉमीतच दिल्लीला पोहोचतात. त्यांचे काही चुकलेले नसते. त्यांच्या आधी कंपनीने त्या खुर्च्यांचे पैसे करून घेतलेले असतात.

पूर्वी असे नव्हते. रिकाम्या खुर्चीचा कंपनीला काहीच उपयोग नाही, मग ती नेहमीच्या गिऱ्हाइकाला देऊन त्याला खूश करावे, असा विचार असे. अमेरिकेत दर्जाधारकांना देशांतर्गत विमानात वरचा वर्ग आपोआप आणि फुकट मिळण्याची प्रथा याच विचारातून रुजली. गेल्या दहा-पंधरा वर्षांत संगणकाने हा विचार मोडीत काढला. प्रत्येक प्रवाशाला त्याला परवडेल असा वरच्या वर्गाचा भाव अ‍ॅपमध्येच दाखवता येऊ लागला, खुर्ची शेवटच्या तासापर्यंत विकता येऊ लागली आणि एकेकाळी बक्षीस म्हणून वाटली जाणारी खुर्ची मालाच्या यादीत आली. जगभरच्या दर्जाधारकांची आजची तक्रार ऐकली, तर तिचे मूळ इथे सापडते.

भारतीय कंपन्यांनी आपोआप मिळणारा फुकट अपग्रेड कधी अमेरिकेइतका सढळ दिलाच नाही. इथली रूढ पद्धत व्हाउचरची. ठरावीक दर्जा गाठला की वर्षाला काही व्हाउचर मिळतात. ते लावून एक वर्ग वर जाता येते. त्यातही अटी असतात. अगदी स्वस्त भाड्याच्या तिकिटाला व्हाउचर सहसा चालत नाही. तिकिटावर भाड्याच्या प्रकारानुसार एक अक्षर असते, संगणक ते अक्षर पाहतो. शिवाय व्हाउचरसाठी कंपनीने वेगळ्या काढून ठेवलेल्या खुर्च्या शिल्लक असाव्या लागतात. संकेतस्थळावर बिझनेसचे तिकीट विकत मिळत असते आणि व्हाउचर लावायला गेले की ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर येते, त्याचे कारण हे आहे. विकायच्या खुर्च्या आणि अपग्रेडच्या खुर्च्या हे एकाच केबिनचे दोन वेगळे हिशेब आहेत.

वरचे आसन व्हाउचरशिवाय मिळण्याची एक वेळ असते. इकॉनॉमीत क्षमतेपेक्षा जास्त तिकिटे विकली गेली आणि सगळेच प्रवासी हजर झाले, तर काही जणांना वर बसवण्याशिवाय कंपनीपुढे पर्याय राहत नाही. तेव्हा कोणाला उचलायचे, हे ठरवताना दर्जा बहुधा सगळ्यांत आधी पाहिला जातो, मग भाड्याचा प्रकार. क्रम कंपनीगणिक बदलतो. म्हणून सभासद क्रमांक आरक्षण करतानाच तिकिटात घातलेला असावा. कारखान्याच्या प्रवास विभागाने किंवा एजंटाने तिकीट काढले की तो क्रमांक अनेकदा राहून जातो आणि मग त्या यादीत प्रवासी साधा प्रवासीच दिसतो. बोर्डिंग पास हातात आला की नावाखाली सभासद क्रमांक आणि दर्जा छापला आहे का, हे पाहून घ्यावे. नसेल तर काउंटरवर तो तिथल्या तिथे घालून घेता येतो.

बोर्डिंग पासवरची आणखी एक खूण समजून घेण्यासारखी आहे. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी ‘स्टार अलायन्स’ या जागतिक गटात गेली. तेव्हापासून तिच्या वरच्या दर्जाच्या सभासदाला लुफ्तान्सा, सिंगापूर किंवा तुर्की एअरलाइन्सच्या विमानात जातानाही ‘स्टार गोल्ड’ म्हणून ओळखले जाते. लाउंज, जादा सामान, वेगळी रांग, आधी चढण्याची मुभा या गोष्टी त्याला मिळतात. अपग्रेड मात्र गटाच्या सामाईक सवलतींत नाही. यंत्रसामग्री पाहायला जर्मनीला निघालेल्या बोईसरच्या अभियंत्याला फ्रँकफर्टच्या लाउंजमध्ये चहा मिळेल. वरची खुर्ची लुफ्तान्सा स्वतःच्या सभासदांसाठी राखील.

दर्जाधारकांची संख्या फुगते कशी, हा या विषयातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग. करोनाच्या काळात विमाने जमिनीवर होती. दर्जा राखायला लागणारा प्रवास कोणालाच शक्य नव्हता, म्हणून बहुतेक कंपन्यांनी सगळ्यांचे दर्जे मुदतवाढ देऊन टिकवले. प्रवास पुन्हा सुरू झाला तेव्हा जुने सगळे रांगेत होतेच, त्यांत नवे आले. दुसरी वाट बँकांची. अ‍ॅक्सिस बँकेच्या विस्तारा इन्फिनिट क्रेडिट कार्डाबरोबर क्लब विस्ताराचे गोल्ड सभासदत्व मिळत असे आणि त्याखालच्या सिग्नेचर कार्डाबरोबर सिल्व्हर. कार्डाची वार्षिक फी भरली की एकही उड्डाण न करता माणूस गोल्ड होई, आणि ठरावीक खर्च केला की तिकिटांचे व्हाउचरही हातात पडत. बँकेकडून विमान कंपनीला पैसे मिळतात, कार्ड घेणाऱ्यालाही फायदा होतो. तोटा होतो तो त्याच गोल्ड दर्जासाठी वर्षभर पहाटेची गाडी पकडून विमानतळ गाठणाऱ्याचा, कारण त्याच्या रांगेत आता असे लोक उभे आहेत, ज्यांनी ती रांग चालून गाठलेली नाही.

तिसरी वाट विलीनीकरणाची. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. क्लब विस्ताराचे गुण एकास एक या प्रमाणात एअर इंडियाच्या योजनेत गेले आणि त्या योजनेचे नाव ‘महाराजा क्लब’ झाले. १९४६ मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी मुंबईत जन्माला घातलेल्या महाराजाला असे नवे काम मिळाले. दोन कंपन्या असताना मुंबई–दिल्लीच्या प्रवाशांपैकी काही विस्ताराचे गोल्ड होते, काही एअर इंडियाचे. दोन्हींचे असणारेही होते. आता सगळे एकाच यादीत आहेत. विमाने दोन्ही कंपन्यांची एकत्र झाली, त्यामुळे खुर्च्याही वाढल्या, हे मान्य. पण ज्या प्रवाशाला पूर्वी एका कंपनीत दाद मिळाली नाही तर दुसरीकडे जाण्याची धमकी देता येत होती, त्याला आता जायला दुसरी तशी कंपनी नाही. देशांतर्गत बाजारात निम्म्याहून अधिक वाटा असलेल्या इंडिगोकडे २०२४ पर्यंत वरचा वर्गच नव्हता. त्या वर्षी ‘ब्लूचिप’ ही सभासद योजना आली आणि नोव्हेंबरात दिल्ली–मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ हा वर्ग सुरू झाला: २२० आसनी विमानात १२ रुंद खुर्च्या. भारतातल्या बहुसंख्य विमान प्रवाशांना अपग्रेडची स्पर्धा तोवर ठाऊकच नव्हती, ती इंडिगोकडे असा वर्ग नसल्यामुळे.

रांग फार लांबली की कंपन्या पायऱ्या उंच करतात. अंतराऐवजी खर्च मोजायचा, ही आजची पद्धत. एअर इंडियाने एप्रिल २०२४ मध्ये हेच केले: किती मैल उडालात यापेक्षा किती रुपये खर्च केलेत, यावर गुण. स्वस्त तिकिटे आधीच काढून वर्षाला चाळीस फेऱ्या करणारा मागे पडतो आणि ऐनवेळी महागडे तिकीट घेऊन पंधरा फेऱ्या करणारा पुढे जातो. अमेरिकेत डेल्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये असाच कठोर बदल जाहीर केला, तेव्हा सभासद इतके खवळले, की काही आठवड्यांतच कंपनीच्या प्रमुखांना आपण जरा जास्तच पुढे गेलो, असे मान्य करून काही अटी सैल कराव्या लागल्या.

तारापूरच्या संदर्भात या विषयाला सरकारी नोकरीचा एक पदर आहे. १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाले, तेव्हापासून अणुऊर्जा खात्याची माणसे या भागात राहतात. भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रकल्पही इथे आहेत. २००९ पासून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना सरकारी खर्चाच्या विमान प्रवासासाठी एअर इंडियाच घ्यावी लागे. जानेवारी २०२२ मध्ये ती कंपनी टाटा समूहाकडे गेल्यावर हे बंधन राहिले नाही. बंधनाच्या त्या वर्षांत साहजिकच अनेकांच्या खात्यांत गुण साठले. पण अर्थ मंत्रालयाच्या नियमानुसार सरकारी कामाच्या तिकिटांवर मिळालेले गुण सरकारी प्रवासासाठीच वापरायचे असतात, खासगी प्रवासासाठी वापरल्यास खातेनिहाय कारवाई होऊ शकते. खासगी कारखान्यातला अधिकारी कंपनीच्या खर्चाने साठवलेल्या गुणांवर कुटुंबाला केरळला नेऊ शकतो, शेजारच्या वसाहतीतल्या सरकारी अधिकाऱ्याला ते चालत नाही. पैसे ज्याचे त्याचे बक्षीस, हे तत्त्व सरकारने लावले आणि ते योग्यच आहे.

बोईसर–पालघरच्या बहुसंख्य लोकांना रांगेची आणि अपग्रेडची ओळख मात्र रेल्वेमुळे आहे. भारतीय रेल्वेने २००६ मध्ये अपग्रेडची योजना सुरू केली. आयआरसीटीसीच्या फॉर्ममध्ये त्यासाठी एक चौकोन असतो. तिथे टिक केलेली असेल आणि तिकीट पूर्ण भाड्याचे असेल, तर चार्ट तयार होताना वरच्या वर्गातल्या रिकाम्या बर्थवर संगणक त्या प्रवाशाला सरकवतो. स्लीपरच्या पैशांत थर्ड एसी मिळतो. दर्जा, कार्ड, वर्षभराचा खर्च, यांतले काहीही पाहिले जात नाही. यामागचा हेतूही विमान कंपनीपेक्षा वेगळा आहे. एक जण वर गेला की खालचा बर्थ मोकळा होतो आणि वेटिंगवरच्या दुसऱ्याचे तिकीट कन्फर्म होते. उत्तरेकडे गावी निघालेल्या आणि मधल्या स्थानकावरून चढत असल्यामुळे ‘पूल्ड कोट्या’च्या वेटिंगमध्ये अडकलेल्या तारापूरच्या कामगाराला त्याचा उपयोग होतो. शिवाय रेल्वे त्याला त्याचा वेटिंग नंबर सांगते. काल ३१ होता, आज १४ आहे, हे त्याला मोबाइलवर दिसते. अमेरिकेत काही कंपन्या विमानात चढण्याच्या दारापाशी पडद्यावर अपग्रेडची यादी लावतात, त्यात आडनावाची पहिली अक्षरे आणि क्रमांक असतात. आपल्याकडच्या विमान कंपन्यांनी निदान एवढे तरी करायला हवे. हजारो रुपयांच्या तिकिटाची रांग तिकिटाच्या खिडकीवरच्या रांगेपेक्षा अंधारात असावी, याला काही सबळ कारण नाही.

वर सरकण्याचा हक्क कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. खाली ढकलले गेल्यास मात्र प्रवाशाला संरक्षण आहे. बिझनेसचे तिकीट घेऊन इकॉनॉमीत बसवले गेल्यास, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमानुसार देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतर १५०० किलोमीटरपर्यंत असेल तर ३० टक्के, ३५०० पर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. जास्त तिकिटे विकल्यामुळे विमानात घेतलेच नाही, तर आधी स्वेच्छेने थांबणारे प्रवासी शोधणे कंपनीवर बंधनकारक आहे. तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानाने सोय केली तर भरपाई नाही. पर्यायी विमान २४ तासांच्या आत दिले, तर मूळ भाडे आणि इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिरा दिले, तर चौपट, कमाल २०,००० रुपये. ही भरपाई मागताना सभासद क्रमांक लागत नाही. तिकीट आणि वेळेवर हजर असल्याचा पुरावा पुरतो.